लग्नसराई आणि घर: वेडिंग फोटोग्राफरने वर्षाची आखणी कशी करावी

तुळशीचं लग्न लागलं की आपल्या धंद्याचं वर्ष उजाडतं. मार्गशीर्षात पहिली लाट, पौषात थोडी उसंत, माघ-फाल्गुनात पुन्हा जोर, आणि वैशाख-ज्येष्ठात तर एका दिवसाला तीन-तीन विचारणा. बाकीची घरं ज्या दिवशी एकत्र जमतात, नेमक्या त्याच दिवशी आपण कॅमेरा घेऊन दुसऱ्याच्या मांडवात असतो. मी आणि माझा नवरा दोघंही नाशिकला हेच काम करतो. फोटो माझ्याकडे, व्हिडिओ त्याच्याकडे. घरी शाळेत जाणारी मुलगी आणि सासूबाई. नव्याने या कामात आलेली, लग्न ठरलेली किंवा नुकतंच बाळ झालेली मंडळी विचारतात की हे सगळं सांभाळता कसं. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

एक गोष्ट मला अगदी ठामपणे वाटते. लग्नाच्या दिवसाचे चौदा-पंधरा तास घर समजून घेतं, कारण तो दिवस सगळ्यांना आधीपासून माहीत असतो. घरातली माणसं दुखावतात ती त्यानंतरच्या दिवसांत. आपण घरात असतो, पण रात्री दोनपर्यंत स्क्रीनसमोर. ताटावर बसलो की नवरीच्या आईचा फोन येतो. गिऱ्हाईकाकडे चार महिने रखडलेली अल्बमच्या फोटोंची निवड, म्हणजे सिलेक्शन, अचानक रविवारी सकाळी उगवते. लग्नाचा मुहूर्त आपल्या हातात नाही, पण मागाहूनच्या या कामाची शिस्त पूर्णपणे आपल्या हातात आहे.

आधी पंचांग, मग घर, मग ऑर्डर

पुढच्या वर्षाचं पंचांग किंवा कॅलेंडर हाती आलं की घरातल्या सगळ्यांनी एका संध्याकाळी ते उघडून बसायचं. दाते पंचांग घ्या, कालनिर्णय घ्या, तुमच्याकडे जे चालतं ते. एक मोठं भिंतीवरचं कॅलेंडर आणि तीन रंगांची पेनं पुरतात.

पहिल्या रंगाने बंद काळ खुणावा: आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशीचा चातुर्मास, पौष महिना, अधिक मास असेल तर तो, आणि गुरु-शुक्राच्या अस्ताचे दिवस. हे वर्षागणिक सरकतं, म्हणून गेल्या वर्षाच्या अंदाजावर विसंबू नका. उदाहरणार्थ २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ. म्हणजे मुलांच्या उन्हाळी सुट्टीचा मोठा भाग आणि धंद्याचा बंद काळ एकत्र आले. अधिक मास साधारण ३२-३३ महिन्यांनी येतो आणि दर वेळी महिना बदलतो, त्यामुळे मे महिन्यात अशी सवड फार क्वचित मिळते. असं वर्ष दिसलं की मोठी सहल, गावाकडचा मुक्काम, घराची रंगरंगोटी तेव्हाच ठरवून टाकावी.

बंद काळ म्हणजे शंभर टक्के बंद, असं मात्र धरू नका. अडचणीच्या वेळी काढीव मुहूर्तावर लग्नं लागतात, परदेशातून आलेल्यांना रजा असेल तेव्हाच लग्न उरकायचं असतं. बौद्ध पद्धतीची लग्नं, निकाह, वसई-गोव्याकडची चर्चमधली लग्नं आपल्या मुहूर्तांवर अवलंबून नसतात. तुमचं गिऱ्हाईक कोणत्या समाजातलं आहे, त्यावर तुमचा बंद काळ ठरतो.

दुसऱ्या रंगाने घराच्या तारखा लिहा. वाढदिवस, शाळेचं स्नेहसंमेलन, परीक्षा, घरचा गणपती, गौरी, वडिलांचं श्राद्ध, गावची जत्रा. जत्रा हा आपल्याकडे खरा पेच असतो, कारण बऱ्याच गावांच्या जत्रा चैत्र-वैशाखात येतात, म्हणजे ऐन सराईत. जत्रेतले दोन दिवस जाणं शक्य नसेल तर पालखीचा एकच दिवस ठरवा, पण तो नक्की ठेवा. या तारखा ऑर्डरच्या डायरीतही ‘बुक’ म्हणून चढवायच्या. विचारणा आली की उत्तर एकच: “त्या दिवशी तारीख गेलेली आहे.” कारण सांगत बसायची गरज नाही. आणि यातली एखादी तारीख खोडायची वेळ आली, तर ती तुम्ही खोडायची नाही. ज्याच्यासाठी ती राखली त्याने खोडायची. मुलीच्या वाढदिवसाला मोठी ऑर्डर आली तर मुलीला विचारा. ती सहज “आपण रविवारी करू” म्हणेल, पण तिला विचारलं होतं हे तिच्या लक्षात राहतं.

तिसऱ्या रंगाने ऑर्डर. त्या शेवटी.

सहलीसाठी सगळ्यात भरवशाची खिडकी दिवाळीत असते. भाऊबीज कार्तिक शुद्ध द्वितीयेला, तुळशीची लग्नं द्वादशीपासून. मधले नऊ-दहा दिवस मुहूर्त नसतात आणि शाळांना बहुधा दिवाळीची सुट्टी असते. पुढच्या सहा महिन्यांचं घराचं बळ या दिवसांत मिळतं, म्हणून ते स्टुडिओ आवरण्यात घालवू नका. दुसरी खिडकी जुलै-ऑगस्टची. तेव्हा शाळा असते, पण शनिवार-रविवार आपले असतात. ज्या माणसाला आठ महिन्यांत मोजकेच रविवार मिळाले, त्याने श्रावणातले रविवार कोणाला विकू नयेत.

वर्षाला किती लग्नं? हे गणित घरात बसून करा

‘मिळेल ती ऑर्डर’ ही सवय सुरुवातीची दोन-तीन वर्षं चालते. त्यानंतर आकडा ठरवावा लागतो, आणि तो घरखर्चापासून मागे येत ठरतो.

समजा घरखर्च महिना ५०,००० रुपये, म्हणजे वर्षाचे ६ लाख. स्टुडिओचं भाडं, सॉफ्टवेअर, विमा, कॅमेऱ्याची झीज आणि दुरुस्ती धरून २ लाख ४० हजार. बचत १ लाख ६० हजार. एकूण १० लाख. वर्षाला २५ लग्नं करायची असतील, तर असिस्टंट, प्रवास, अल्बम, बाहेरचं एडिटिंग हे सगळं जाऊन दर लग्नामागे ४०,००० हातात राहिले पाहिजेत. तो वरचा खर्च ३०,००० असेल तर तुमचा दर ७०,००० होतो. याच कामाचे ४५,००० घेतले तर हातात १५,००० उरतात आणि तेच १० लाख मिळवायला ६७ लग्नं करावी लागतात. आता पंचांग उघडून तुमच्या भागात खरोखर लग्नं लागतात असे मुहूर्त मोजा. ६७ लग्नं बसवायची तर घराची एकही तारीख उरणार नाही.

दर वाढवताना आपल्याला गिऱ्हाईक जाण्याची भीती वाटते. ती खरी आहे, काही गिऱ्हाईकं जातातच. म्हणून दर एकदम वाढवू नका. दर सराईला नव्या बुकिंगसाठी टप्प्याटप्प्याने वाढवा, आणि ज्या तारखांना सगळीकडून मागणी असते तिथून सुरुवात करा. हिशोब करताना हेही ध्यानात ठेवा की सेवांसाठी वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते आणि फोटोग्राफीवर १८ टक्के कर आकारावा लागतो. आकडा त्या सीमेजवळ जायला लागला की सीएशी आधी बोलून घ्या, ऐन एप्रिलमध्ये नोटिशीला उत्तरं देत बसायला वेळ नसतो.

बोलणी करताना घर डोळ्यासमोर ठेवा

पहिल्या बैठकीत पाहुणे अल्बमची शीट आणि ड्रोन विचारतात. आपण तास विचारायचे. हळद आदल्या रात्री की लग्नाच्या दिवशी पहाटे? सीमांतपूजन आहे का? मुहूर्त दुपारी साडेबाराचा की गोरज? वरात निघणार का, गृहप्रवेश कोणत्या गावी? ठाणे-रायगडकडच्या आगरी-कोळी हळदी पहाटेपर्यंत चालतात, आणि तिथे ‘हळदीचं पॅकेज’ म्हणून संध्याकाळपुरता दर सांगितला तर घरी दुसऱ्या दिवशीच पोचता.

करारात या चार गोष्टी हव्यातच. कामाची सुरुवात आणि शेवट यांची वेळ, आणि त्यापुढच्या प्रत्येक तासाचा दर. अल्बमसाठी फोटो निवडून द्यायची मुदत. पैशाचे टप्पे. आणि आजारपण किंवा घरातली आणीबाणी असेल तर तितक्याच अनुभवाचा दुसरा फोटोग्राफर पाठवण्याची मुभा. ही शेवटची ओळ वाचून कोणी भडकत नाही, उलट बहुतेक वडीलधारे मान डोलावतात, कारण घरात आजारपण कोणालाच चुकलेलं नसतं.

शेवटच्या वेळेसाठी एक सोपा आधार आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही, सवलतीचे सणासुदीचे मोजके दिवस सोडून. लॉन्सवरच्या रिसेप्शनला “डीजे दहाला थांबतो, आम्हीही साडेदहाला आवरतो” असं म्हटलं की ते सगळ्यांना पटतं.

पैशाचं म्हणाल तर बुकिंगला तीसेक टक्के, लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत मोठा हिस्सा, आणि अल्बम छपाईला जायच्या आधी उरलेले. अल्बम दिल्यानंतरची बाकी ठेवू नका. ती वसूल करायला ज्या संध्याकाळी जातात त्या घराच्या असतात.

लग्नाचा दिवस

आदल्या दिवशी संध्याकाळी सहाला बॅटऱ्या चार्जिंगला, नऊला बॅग दाराशी. चार्जर, फ्लॅशचे सेल, रिकामी फॉरमॅट केलेली मेमरी कार्डं, रेनकोट, मोज्यांचा एक जादा जोड. मांडवात चपला काढाव्या लागतात आणि दिवसभर अनवाणी फरशीवर उभं राहून पाय भरून येतात, म्हणून मोजे जाड घ्या. ढोल-ताशा आणि डीजेसमोर तास-तास उभे राहता, तर इअरप्लग लावा. हे शरीर पुढची वीस वर्षं मुलांनाही पुरायचं आहे.

दिवसात एक फोन घरी ठरलेला असावा, आणि त्याची जागाही ठरलेली असावी. मराठी लग्नात ती जागा हळदीची आंघोळ आणि गौरीहार यांच्या मध्ये सापडते. नवरी तयार व्हायला बसते, दागिन्यांचे आणि साडीचे फोटो एक जण काढत असतो, तेवढ्यात दुसऱ्याला दहा मिनिटं मिळतात. मुहूर्तानंतर तशी फट नाही. लाजाहोम, कानपिळी, सप्तपदी, लगेच स्टेजवरची रांग. दुपारी तीनच्या सुमारास नवरा-नवरी घास भरवून नावं घेतात तेव्हा आपणही उभ्याउभ्याच असतो. मुलांना ‘वेळ मिळाला की करते’ असं सांगू नका. ‘साडेदहाला करते’ सांगा.

दिवस लांबतो तो मुख्यतः स्टेजवरच्या नातेवाइकांच्या फोटोंमुळे. आठ दिवस आधी दोन्ही घरांकडून एक-एक माणूस मागून घ्या, ज्याला सगळे चेहरे ओळखतात आणि ज्याचा आवाज पोचतो. आत्या किंवा मामा उत्तम. त्याच्याकडे गटांची यादी असू द्या. “आता नवरदेवाच्या मावशीकडचे” असं त्याने पुकारलं की तासाभराचं काम पंचवीस मिनिटांत होतं.

कार्डांची कॉपी मांडवातच व्हायला हवी. दोन कार्डांचे स्लॉट असलेला कॅमेरा असेल तर दोन्हीवर रेकॉर्ड करा. दोन कॅमेऱ्यांचे मिळून तीन हजार रॉ (कॅमेऱ्यातले मूळ, प्रक्रिया न केलेले) फोटो आणि फाइल सरासरी ३० एमबीची धरली तर ९० जीबी डेटा होतो. रिसेप्शनच्या जेवणाच्या वेळात लॅपटॉपवरून एका एसएसडीवर (वेगवान डिस्कवर) हे उतरून होतं. घरी पोचल्यावर मग एकच काम राहतं: अंघोळ करून झोपणं.

आणि रात्रीचं ड्रायव्हिंग. याबद्दल मी फार आग्रही आहे. पहाटे चारला उठलेल्या माणसाने रात्री बाराला समृद्धी महामार्गासारख्या सरळ, एकसुरी रस्त्यावर गाडी चालवायची नाही. कार्यक्रम साठ-सत्तर किलोमीटरच्या पुढे असेल तर मुक्कामाची खोली बोलणीतच मागून घ्या किंवा ड्रायव्हरचे पैसे दरात धरा. गिऱ्हाईकाला ही मागणी रास्त वाटते. घरच्यांना तर त्या रात्री दुसरं काहीच नको असतं.

लग्नानंतरचे दिवस: घर इथे वाचतं

एका लग्नामागे स्क्रीनसमोर किती तास जातात ते एकदा प्रामाणिकपणे मोजा. तीन हजार फोटो एकेक करून बघायला, फोटोमागे तीन सेकंद धरले तरी अडीच तास. त्यातले सहाशे ठेवले आणि प्रत्येकाच्या रंग-उजेडाला पाऊण मिनिट दिलं तर साडेसात तास. वर अल्बमचं डिझाइन, दुरुस्त्या, पुन्हा दुरुस्त्या. लग्नाच्या एका दिवसापाठी घरातले तीन दिवस सहज जातात, आणि सराईत आठवड्याला दोन लग्नं असली की हे तीन दिवस रात्रींतून काढले जातात. ते रात्रींतून काढायचे नाहीत, हा नियम आहे. बाकीचं सगळं त्यासाठीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेटा तीन ठिकाणी आहे ना, एवढंच बघा: स्टुडिओतली हार्ड डिस्क, दुसरी वेगळी डिस्क, आणि घराबाहेर एक प्रत, क्लाउडवर किंवा विश्वासू मित्राकडे. त्यानंतर दुपारपर्यंत संगणक बंद. थकलेल्या डोळ्यांनी केलेल्या रंगांना दुसऱ्या दिवशी पुन्हा हात लावावाच लागतो, मग ते काम दोनदा होतं.

एडिटिंगची वेळ शाळेच्या वेळेला बांधा. मूल सकाळच्या शाळेत असेल तर साडेसात ते साडेबारा हे पाच तास सलग मिळतात. फोन सायलेंटवर, दार लोटलेलं. या पाच तासांत एका अख्ख्या लग्नाचे फोटो निवडून आणि त्यातले एक तृतीयांश एडिट करून होतात, ज्याला जागून दोन रात्री लागतात. दुपारी मूल आल्यावर जेवण, मग गिऱ्हाईकांचे फोन, लॅब, बँक. संध्याकाळी सातनंतर स्टुडिओ घरातच असला तरी तो बंद झालेला दिसला पाहिजे. शक्य असेल तर एडिटिंगचा संगणक बैठकीत ठेवू नका. आई-बाबा समोर बसलेत आणि तरी बोलता येत नाही, ही स्थिती लहान मुलांना फार त्रासदायक असते.

कोणतं काम स्वतः करायचं आणि कोणतं बाहेर द्यायचं? फोटोंची निवड स्वतः करा. कोणत्या क्षणी वडिलांचा हात थरथरला, हे तुम्ही पाहिलेलं असतं. रंगांची मूळ पद्धत तुम्ही बसवून द्या, बाकी फोटोंवर ती लावायचं काम एडिटरकडे सोपवता येतं. अल्बमचं डिझाइन तर जरूर बाहेर द्या. १२ बाय ३६च्या तीस-चाळीस शीट रात्री बसून जुळवण्याइतकं त्या कामात आपलं असं काही नसतं, आणि शीटमागे पैसे घेऊन सफाईने करणारे डिझायनर प्रत्येक जिल्ह्यात आहेत. हा खर्च दरात आधीच धरलेला असतो, तो वाचवायच्या मोहात पडू नका.

आता रखडलेलं सिलेक्शन. लग्न झालं की नवरा-नवरी फिरायला जातात, मग नोकरीवर रुजू होतात, दीड-दोनशे फोटो निवडायला कोणालाच सवड नसते. आणि मग श्रावणात मंगळागौर येते, किंवा दिवाळसणाला जावई यायचे असतात, आणि दोन्ही घरांना एकदम अल्बम आठवतो. चातुर्मासात आपण मोकळे असणार म्हणून जे ठरवलं होतं ते सगळं या एका गोष्टीने कोलमडतं. उपाय करारातच ठेवा: गॅलरीची लिंक मिळाल्यापासून ३० दिवसांत निवड, न झाल्यास फोटोग्राफर स्वतः निवड करील, त्यानंतरच्या बदलांना वेगळे पैसे. आणि लिंक पाठवताना स्वतःच सुचवलेल्या दोनशे फोटोंचा वेगळा फोल्डर द्या. कोऱ्या यादीपुढे माणसं अडतात, तयार निवडीतून दहा-वीस बदल ती एका संध्याकाळी करतात. मे महिन्यातल्या लग्नांचे अल्बम आषाढ संपेपर्यंत द्यायचे, एवढं लक्ष्य ठेवलं तर श्रावण आपला राहतो.

फोन

धंद्याचं सिम वेगळं घ्या आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस ठेवा. त्यात कामाच्या वेळेबाहेर आपोआप जाणारा निरोप लावता येतो. असा काहीतरी:

“नमस्कार, आपला निरोप पोचला. आम्ही सकाळी १० ते संध्याकाळी ७ या वेळेत उत्तर देतो. लग्नाच्या कामावर असू तर उद्या दुपारपर्यंत नक्की फोन करू. आपलं कार्य पुढच्या ४८ तासांत असेल तर कृपया थेट फोन करावा.”

हे वाचून नव्वद टक्के लोक निवांत होतात, असा माझा अनुभव. त्यांना उत्तर तातडीने नको असतं, निरोप पोचल्याची खात्री हवी असते. लग्नघरातल्या ग्रुपमध्ये तुम्हाला घेतलं तर कार्यक्रम संपल्यावर आठवड्याभरात नम्रपणे निरोप घेऊन बाहेर पडा.

घरातल्या वाटण्या

नवरा-बायको दोघंही याच कामात असाल तर दोघांनी एकाच दिवशी पहाटे घर सोडायचे प्रसंग ठरवून कमी करा. आमच्याकडे हळदीला एकच जण जातो, दुसरा मुलीला शाळेत सोडून थेट मुहूर्तावर पोचतो. आजी-आजोबा असतील तर ते मोठं भाग्य, पण त्यांना गृहीत धरू नका. सराईच्या तारखा त्यांच्या समोरही ठेवा, त्यांचं भजनी मंडळ, त्यांची देवदर्शनाची सहल आधी लिहून घ्या. साठीच्या बाईला सलग तीन दिवस नातवंडं सांभाळून चौथ्या दिवशी विश्रांती हवी असते, आणि ती स्वतः मागत नाही.

जोडीदार दुसऱ्या नोकरीत असेल आणि तुमचे हिशोब, बिलं, फोन सांभाळत असेल तर त्या कामाचा ठरलेला पगार त्याच्या किंवा तिच्या खात्यात जाऊ द्या. ‘घरचंच तर आहे’ म्हणून हे टाळलं जातं, आणि मग कुरबुर वेगळ्याच विषयावरून बाहेर येते.

बाळ लहान असलेल्या फोटोग्राफर मुलींना माझा सल्ला: पहिलं दीड वर्ष दुसऱ्याच्या टीममध्ये सेकंड शूटर, म्हणजे मुख्य फोटोग्राफरच्या जोडीचा दुसरा फोटोग्राफर, म्हणून जा. रात्री कार्डं त्यांच्या हाती दिली की काम संपतं. एडिटिंग नाही, अल्बम नाही, गिऱ्हाईकाचा फोन नाही. पैसे कमी, पण हात चालू राहतो आणि ओळखी टिकतात. कार्यालयात बाळाला पाजायला किंवा दूध काढायला एक खोली लागेल हे आधी सांगून ठेवावं. लग्नघरातल्या बायका ते स्वतःहून बघतात.

छोट्या कामांना कमी लेखू नका

डोहाळजेवण, बारसं, पहिला वाढदिवस, मुंज, वास्तुशांत, साठीशांत, सहस्रचंद्रदर्शन. यातली बरीच कामं तीन-चार तासांत आटोपतात, संध्याकाळी माणूस घरी असतो, आणि मागचं एडिटिंग एका सकाळचं. यांची गंमत अशी की ज्या घरातल्या लग्नाचे फोटो तुम्ही काढलेत त्याच घरातून ती येत राहतात. नवरीच्या बांगड्यांचे फोटो काढलेत, दोन-तीन वर्षांनी तिच्या ओटीभरणाला जाता, मग पाळण्याला. दर वेळी नव्याने ओळख करून द्यावी लागत नाही, भावावर घासाघीस होत नाही. वय चाळिशीकडे झुकतं तसं मोठ्या लग्नांचा आकडा हळूहळू कमी करून ही कामं वाढवावीत. शाळांची स्नेहसंमेलनं आणि कंपन्यांचे वार्षिक कार्यक्रम पौषातली रिकामी जागा भरतात. बंद काळात आठवड्याचे मधले दिवस प्रॉडक्टच्या फोटोंना द्या, शनिवार-रविवार राखा.

चातुर्मासातलं खातं

पैसा आठ महिन्यांत येतो आणि बारा महिने लागतो. धंद्याचं आणि घराचं खातं वेगळं करा. दर महिन्याच्या एक तारखेला धंद्याच्या खात्यातून घराच्या खात्यात ठरलेली रक्कम जाऊ द्या, मे महिन्यात कितीही आलं तरी तेवढीच आणि ऑगस्टमध्ये काही न आलं तरी तेवढीच. आषाढी एकादशीच्या आत पुढच्या चार-पाच महिन्यांचा घरखर्च बाजूला पडलेला हवा. पुढच्या सराईचे ॲडव्हान्स यात धरू नका, काम होईपर्यंत ते पैसे गिऱ्हाईकाचे असतात.

कॅमेऱ्याच्या हप्त्याबद्दल एवढंच सांगते: वर्षातून चार वेळा लागणारी लेन्स भाड्याने आणा. हप्ता भरण्यासाठी घेतलेल्या ऑर्डरी नेमक्या घराच्या तारखांवर येऊन बसतात. उपकरणांचा विमा, कुटुंबाचा आरोग्य विमा आणि स्वतःचा टर्म इन्शुरन्स या तिन्ही गोष्टी नव्या कॅमेरा बॉडीच्या आधी.

नात्यातली लग्नं, आणि अचानक येणारे दिवस

सख्ख्या भावाचं लग्न, मामेबहिणीचं लग्न. “तू असताना बाहेरचा कशाला?” हे वाक्य येणारच. माझं मत स्पष्ट आहे: जवळच्या नात्यातल्या लग्नाचे फोटो आपण काढायचे नाहीत. तुम्ही करवली आहात, मामा आहात, कानपिळीचा मान तुमचा आहे, आणि हे कॅमेरा गळ्यात असताना होत नाही. त्याऐवजी चांगल्या सहकाऱ्याला नेमा, त्याचं मानधन आहेर म्हणून तुम्ही द्या, आणि त्याला सांगा की नात्यातले रुसवेफुगवे कोणते, कोणाला कोणाशेजारी उभं करायचं नाही. तुमच्या माहितीचा उपयोग तिथे जास्त. तुमची मुलंही तेव्हा तुम्हाला नटलेलं, पंगतीत बसलेलं बघतात, आणि त्या अल्बममध्ये निदान एकदा सगळं कुटुंब एका फोटोत येतं.

अचानकच्या दिवसांसाठी दोन याद्या करून ठेवा. पहिली घरात, फ्रिजवर: बालरोगतज्ज्ञांचा नंबर, रिक्षावाल्या काकांचा, शेजारच्या घरचा, शाळेच्या व्हॅनचा, आरोग्य विम्याचं कार्ड कुठे आहे, रोख रक्कम कुठे आहे, आणि त्या दिवशी तुम्ही ज्या कार्यालयात आहात तिथला एखादा नंबर. मांडवात मोबाइल ऐकू येत नाही, म्हणून हा शेवटचा महत्त्वाचा. दुसरी यादी धंद्याची: अशी तीन फोटोग्राफर माणसं ज्यांना पहाटे पाचला फोन केला तर ती दहापर्यंत तुमच्या जागी उभी राहतील. त्यांच्याशी दर आधीच ठरवून ठेवा, तुमच्या गिऱ्हाईकाला स्वतःचं कार्ड द्यायचं नाही हेही बोलून घ्या, आणि त्यांच्या घरी अशी वेळ आली तर तुम्हीही जाणार हे पक्कं करा. सराई सुरू व्हायच्या आधी, दिवाळीच्या फराळाला या तिघांना सहकुटुंब घरी बोलवा आणि आपापल्या तारखा एकमेकांना द्या.